मामाला वळसा

दिवसभर चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि संध्याकाळी पांढरे कपडे चढवून मोठ्या माणसांना कराटे शिकवायचं, असं सरांचं आयुष्य दोन पाळ्यांत चाललं होतं. दुकानात त्यांचा आवाज फारसा कुणी ऐकला नव्हता. काच मशीनवर धरायची, कडा घासायची, फ्रेममध्ये बसते का बघायची, नाही बसली तर परत घासायची. यात बोलण्यासारखं काही नसतंच. पण संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवला की याच माणसाच्या पोटातून असा आवाज निघायचा, की शेजारच्या फर्निचरच्या गोदामातली माणसं दचकून हातातला ब्रश खाली ठेवायची. सरांची बायको घराच्या पुढच्या खोलीत केस कापायचं दुकान चालवायची. ती गिऱ्हाइकांना सांगायची, ''दिवसभर साठवतात आणि तिकडे जाऊन ओततात. घरी थेंबही उरत नाही, तेवढीच शांतता.''

हॉल म्हणजे आपला नावालाच हॉल. गोदामाची मागची बाजू, व्हॉर्निशचा वास, कधीही फिरताना न दिसलेला एक पंखा आणि बरोबर मधोमध एक खांब. वरच्या मजल्यावर एका छापखान्याच्या कागदाच्या थप्प्या होत्या, त्यांचं सगळं ओझं या एकट्यावर. त्याला हलवणं अशक्य होतं, त्याच्यावर आपटणं मात्र रोज शक्य होतं. म्हणून सरांनी पहिल्याच वर्षी त्याच्या अंगाला जुनी गादी दोरीनं आवळून बांधली. गादी गुंडाळलेला तो खांब लांबून पोट सुटलेल्या नातेवाइकासारखा दिसायचा. घरात पाय ठेवायला जागा नसते तेव्हा नेमका मधे उभा राहतो ना, तसा. कुणीतरी त्याला मामा म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता कराटेत काता नावाचा एक प्रकार असतो. समोर कुणी नसताना चारी बाजूंनी शत्रू चालून आलेत असं समजायचं, ठरलेल्या क्रमानं मारायचं, अडवायचं, वळायचं, आणि जिथून सुरुवात केली तिथेच येऊन थांबायचं. बघणाऱ्याला वाटतं, माणूस हवेशी भांडतोय. सरांच्या लाडक्या कात्यात मध्यावर एक जागा होती. तिथे सरळ पुढे झेपावत एकामागून एक ठोसे मारायचे आणि शेवटच्या ठोशाला पोटातून आरोळी द्यायची. तिला किआई म्हणतात. पण या हॉलमध्ये सरळ झेपावलं की समोर मामा. मग सरांनी तोडगा काढला. मामाच्या अलीकडे अर्धं पाऊल उजवीकडे सरकायचं, मामा मागे पडला की अर्धं पाऊल डावीकडे, फिटंफाट. एकानं वळसा घेतला की टक्कर नको म्हणून शेजारच्यानंही घ्यायचा, त्याच्या शेजारच्यानंही. अख्खी रांगच वळसा घ्यायची. पहिल्या काही वर्षांत सर बजावायचे, ''हे मामासाठी आहे, बाहेर असं करायचं नाही.'' पुढे बजावायचं राहून गेलं. एवढा ढळढळीत खांब, त्यात सांगायचं काय? पण सवय मोठी लबाड असते. आधी पाहुणी म्हणून येते आणि मग घराची किल्लीच मागते.

वर्गात पुष्कळ माणसं आली आणि गेली, टिकले ते तिघे. एक बसचे ड्रायव्हर. अंगानं एवढे, की त्यांनी पाय आपटला की वरून कागदाची धूळ पडायची. त्यांना सगळे भूकंप म्हणत आणि तेही स्वतःची ओळख तशीच करून देत. दुसऱ्या बेकरीवाल्या ताई. पहाटेपासून मैदा मळून मळून त्यांची मनगटं अशी तयार झाली होती, की त्यांनी धरलेला हात सोडवून घ्यायला सरांनाही गोड बोलावं लागे. तिसऱ्या दातांच्या डॉक्टर. त्या ठोसा मारायला लागल्या की समोरच्याचा हात आपोआप स्वतःच्या गालावर जायचा.

तिघंही ब्राउन बेल्टवर येऊन अडकले होते, आणि अडकले होते ते स्वतःच्या हट्टानं. संघटनेचा नियम असा, की ब्लॅक बेल्ट द्यायचा अधिकार चौथ्या दर्जाच्या शिक्षकाला. सर तिसऱ्यावर. दुसऱ्या एखाद्या चौथ्या दर्जाच्या शिक्षकाकडे जाऊन परीक्षा दिली असती तर तिघांच्याही कमरेला कधीच काळा पट्टा आला असता. सरांनी शंभरदा सांगून पाहिलं.

''सर, गाडी शिकवली तुम्ही आणि लायसन दुसऱ्याकडून घेऊ?'' भूकंप म्हणाले.

''लायसन दुसऱ्याकडूनच घेतात.''

''ते सरकारचं झालं. हे आपलं आहे.''

ताईंचं आणि डॉक्टरांचं म्हणणंही तेच. पट्टा बांधून घेऊ तर सरांच्या हातून. नाहीतर ब्राउन काय वाईट आहे, मळला तरी दिसत नाही. सर त्यांच्यावर चिडायचे, ओरडायचे, आणि घरी जाताना रस्त्यात त्यांचे डोळे भरून यायचे. आपल्यासाठी कुणी असं थांबलेलं असणं ही सुखाची गोष्ट आहे, पण त्या सुखाचं ओझं कागदाच्या थप्प्यांइतकंच असतं. सरांची चौथ्या दर्जाची परीक्षा आता एकट्या सरांची राहिली नव्हती. ते नापास झाले की मागचे तिघे आपोआप नापास.

आणि सर एकदा नापास झाले होते. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या, उजेडानं भरलेल्या हॉलमध्ये त्यांनी काता केला होता आणि जन्मात केला नव्हता इतका झकास केला होता. संपल्यावर ते छाती भरून उभे राहिले. परीक्षक म्हणून पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या, काठीसारख्या ताठ. त्यांनी विचारलं, ''मधे कोण उभं होतं?''

''कुठे?''

''तिथे. तुम्ही कुणालातरी वाट दिलीत.''

सरांनी वळून पाहिलं. चकचकीत, मोकळी, लाकडी जमीन. तेव्हा त्यांना मामा आठवला आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

परतल्यावर विद्यार्थ्यांना काय सांगायचं? मी खांब चुकवला, असं? तोच खांब, जो मी तुम्हालाही चुकवायला शिकवलाय? सरांच्या तोंडून एकच शब्द निघाला, ''गुडघा.'' आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. ताईंनी गरम पाण्याची पिशवी आणली. डॉक्टरांनी हाडांच्या डॉक्टर मैत्रिणीची वेळ घेतली. भूकंप सरांना उचलून बसमध्ये बसवायला निघाले. ठणठणीत गुडघ्यांचा माणूस महिनाभर लंगडत हिंडला. लंगडणं वाटतं तितकं सोपं नाही. सोमवारी उजवा दुखायचा आणि बुधवारी डावा. बायकोनं हातातली कात्री थांबवून खिडकीतून हे पाहिलं आणि म्हणाली, ''अहो, एक पाय ठरवा. लोकांना डोळे असतात.'' तिला पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं. ज्या बाईसमोर माणसं मान खाली घालून बसतात, तिच्यापासून काय लपणार?

तेव्हापासून सर मनातल्या मनात सरळ जायचा प्रयत्न करत होते आणि जमत नव्हतं. हॉलमध्ये मामा जाऊच देत नव्हता. घरात बायकोची केस कापायची खुर्ची मधे. दुकानाच्या मागच्या बोळात सराव केला, तिथे मधे काही नव्हतं, तरी पाय बरोबर त्या जागी आला की आपला उजवीकडे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. दुसरी परीक्षा दोन महिन्यांवर आली आणि सरांना जेवण जाईना.

अशात आजी वर्गात आल्या. एका कचेरीत टायपिस्ट म्हणून उभी हयात काढून निवृत्त झालेल्या. तोल जातो म्हणून त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. चालण्यात कसली आलीय गंमत, असं म्हणून त्या कराटेला आल्या. नव्या माणसानं दाराजवळच्या कोपऱ्यात उभं राहायचं, अशी पद्धत होती. आजी कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि तिथून प्रत्येक गोष्टीला ''का?'' विचारायला लागल्या. मूठ अशी का? अंगठा बाहेर का? ओरडायचं का? सर उत्तरं देऊन देऊन घामाघूम व्हायचे. ''कानामागून आल्या आणि तिखट झाल्या,'' भूकंप कौतुकानं म्हणाले.

एका संध्याकाळी गोदामात व्हॉर्निशचं पिंप कलंडलं आणि दाराखालून सगळं व्हॉर्निश हॉलमध्ये आलं. जमिनीला चपला चिकटायला लागल्या. सरांना मनातून बरंच वाटलं, आता आठवडाभर सुट्टी. पण भूकंप कसले ऐकतात. म्हणाले, ''आमच्या डेपोचं आवार संध्याकाळी रिकामं असतं, सगळ्या गाड्या रस्त्यावर. मी विचारून ठेवलंय.''  दोन वर्षं सरांनी या माणसांना मोकळ्या जागेत काता म्हणून करू दिला नव्हता.

डेपोचं आवार खरोखरच लांबरुंद होतं. एका कडेला एक बस धुवायला लावली होती आणि धुणारा माणूस हातात पाइप घेऊन यांच्याकडे बघत उभा होता. सर सगळ्यांच्या पुढे, पाठ करून उभे राहिले. मागे रांगेत ताई, डॉक्टर, भूकंप आणि टोकाला आजी. काता सुरू झाला. सुरेख चालला होता. मध्यावर आले, झेपावले, आणि पुढे सर आणि मागे रांग अशी सगळी मंडळी त्या रिकाम्या आवारात कशाला तरी मोठ्या आदरानं वळसा घालून गेली. धुणाऱ्या माणसानं पाइप खाली ठेवला आणि तिथे काय पडलंय ते बघायला दोन पावलं पुढे आला.

वळसा घातला नाही तो एकट्या आजींनी. त्या नाकासमोर गेल्या, आणि नेमके त्याच वेळी उजवीकडे सरकणारे भूकंप त्यांच्यावर आले. धप्पकन आवाज झाला. सरांनी घाबरून मागे पाहिलं तर आजी जागच्या जागी उभ्या आणि भूकंप जमिनीवर बसलेले.

''आजी, तिथे वळसा आहे,'' सर म्हणाले.

''का?''

''का म्हणजे, तिथे…'' सरांनी बोट दाखवलं आणि ते बोट हवेतच राहिलं.

''हॉलमध्ये खांब आहे म्हणून तुम्ही फिरता, ते मला समजतं,'' आजी म्हणाल्या. ''माझ्या कोपऱ्यात तो येत नाही म्हणून मी फिरत नाही. तिकडे मी शेवटी असते, कुणाला दिसत नाही. पण इथे तुम्ही सगळे कुणाला वळसा घालताय?''

 डॉक्टर सरांच्या तोंडाकडे बघत होत्या. दोन वेळा ब्रश करतो असं बेधडक सांगणाऱ्यांचे चेहरे वाचण्यात त्यांची वर्षं गेली होती. त्यांनी हळूच विचारलं, ''सर, मागच्या परीक्षेला गुडघा नव्हता ना?''

''नव्हता.''

''मामा होता?''

''मामा होता,'' सर म्हणाले.

आधी भूकंपांचं पोट हललं. मग खांदे. मग त्यांच्या नाकातून एक बारीक आवाज निघाला आणि त्यानंतर डेपोत जे हसू उसळलं ते आवरेना. ताई बसच्या चाकाला धरून हसत होत्या. डॉक्टर रुमाल तोंडात कोंबून हसत होत्या. ''एवढी वर्षं मामानं आपल्याला मामा बनवलं,'' भूकंप बसल्या जागेवरून म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले.

''आणि ती माझी गरम पाण्याची पिशवी?'' ताईंनी डोळे पुसत विचारलं.

''तिनं फार बरं वाटायचं,'' सर प्रामाणिकपणे म्हणाले, आणि तेही हसायला लागले. दोन वर्षं ज्या क्षणाची धास्ती घेऊन ते लंगडले होते तो क्षण येऊन गेला होता, आणि काहीच कोसळलं नव्हतं. उलट इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, ''मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. ही माझी चूक आहे, तुमची नाही.''

''आडात होतं ते पोहऱ्यात आलं,'' भूकंप कपडे झटकत उठले. ''आता आपण सगळे मिळून आड उपसू. चला.''

मग सरांनी एक गोष्ट केली. कमरेचा काळा पट्टा सोडला, घडी करून पिशवीत ठेवला, पिशवीतला नवशिक्यांसाठीचा पांढरा पट्टा बांधला आणि जाऊन टोकाला उभे राहिले, आजींच्याही पलीकडे. ''शिकवा,'' म्हणाले.

तिघंही आधी बावरले. पण वर्षानुवर्षं ज्याच्या शिव्या खाल्ल्या त्याला शिकवायची संधी कोण सोडतो? दुसऱ्या दिवशी ताई पिशवीभर मैदा घेऊन आल्या आणि जमिनीवर सरळ पांढरी रेघ ओढली. सरांनी रेघेवरून चालत जायचं. सर गेले आणि रेघेवर त्यांचं अर्धं पाऊल उजवीकडे उमटलं, अगदी ठसठशीत. भूकंप म्हणाले, ''बसचा मार्ग बदलला की आम्हालाही असंच होतं. जुना थांबा आला की हात आपोआप वळतो.''

''मग तुम्ही काय करता?''

''शिव्या खातो. प्रवासी देतात.''

म्हणून मग सर वळले की सगळ्यांनी शिव्या द्यायच्या असं ठरलं. पण सरांना शिव्या द्यायला कुणाची जीभ उचलेना. ताई फार तर ''अहो, काय हे'' म्हणायच्या. शेवटी आजी पुढे आल्या. त्या सरांच्या उजव्या हाताला खेटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ''मी तुमच्या बरोबर चालते. उजवीकडे सरकलात तर मला धक्का लागेल आणि मी पडेन. या वयात पडले तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.'' सरांना दरदरून घाम फुटला. पाय त्या जागी आला, उजवीकडे निघाला आणि आजींच्या कोपराशी थबकला. ''आता तोंडानं म्हणा,'' आजी म्हणाल्या. ''आमचं बोट चुकीच्या अक्षरावर जायला लागलं की आम्ही ते अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप करायचो. म्हणा, सरळ.''

''सरळ,'' सर म्हणाले आणि सरळ गेले.

असे किती दिवस गेले कोण जाणे. हॉलची जमीन कधीच साफ झाली होती, पण कुणी तिकडे फिरकेना. रोग एकट्या सरांना थोडाच होता, तिघंही तेवढेच आजारी. प्रत्येकाच्या बाजूनं आळीपाळीनं आजी चालत आणि सगळा डेपो ''सरळ, सरळ'' अशा घोषानं दुमदुमायचा. बस धुणारा माणूसही लांबून ''सरळ'' म्हणायला लागला. सर दुकानात काच घासताना पुटपुटायचे, सरळ. घरी बायको गिऱ्हाइकाला म्हणायची, ''मान जरा सरळ,'' आणि आतल्या खोलीत सर बसल्या जागेवरून ठोसा मारायचे.

''काय चाललंय आत?'' एका गिऱ्हाइकानं विचारलं.

''गुरूची विद्या गुरूला फळतेय,'' बायको म्हणाली. ''तुम्ही हलू नका.''

त्या दिवसांत सर काचा घासताना आपल्याशीच हसायचे. पंचवीस वर्षं त्यांनी समोर उभं राहून शिकवलं होतं, आता पहिल्यांदा शेजारून बघत होते. ताई ठोसा मारायच्या आधी एक श्वास सोडतात, तो त्यांना कधी दिसलाच नव्हता. डॉक्टर चुकल्या की स्वतःलाच ''काही हरकत नाही'' म्हणतात, पेशंटला म्हणतात तसं. सरही हळूच तसं म्हणायला लागले. चुकलं की ओरडण्यापेक्षा याचा गुण जास्त येतो, हे त्यांना या वयात कळत होतं आणि त्याची लाज न वाटता भलतीच मजा वाटत होती.

परीक्षेच्या आधी एकदा हॉलमध्ये जाऊन येऊ म्हणून सगळे परतले, तर तिथे वेगळंच संकट. आता सगळ्यांना सरळ जायची सवय लागलेली. भूकंप ''सरळ'' म्हणाले, पूर्ण जोर लावून झेपावले आणि मामाच्या पोटात जाऊन आदळले. वरून धुळीचा लोट आला. छापखान्याचा माणूस जिन्यावरून धावत खाली आला आणि ''काय पडलं?'' म्हणून विचारायला लागला. मामा तसूभर हलला नव्हता. भूकंप मात्र गादीला मिठी मारून आनंदानं ओरडत होते, ''सर, मी वळलो नाही. मी वळलो नाही.''

परीक्षेला सगळी वरात निघाली. डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला, भूकंपांनी पाळी बदलून घेतली, ताईंनी पावांची टोपली बरोबर घेतली, आजी आपल्या कोऱ्या पांढऱ्या पट्ट्यासह आल्या. बायको शेवटी बसमध्ये चढली आणि म्हणाली, ''मला काही यातलं कळत नाही. पण घरी थांबले असते तर कुणाचे तरी कान कापले असते.'' तोच मोठा हॉल, तोच उजेड आणि टेबलामागे त्याच पांढऱ्या केसांच्या बाई. सरांची मंडळी भिंतीशी जमिनीवर ओळीनं बसली.

सरांनी वाकून नमस्कार केला आणि सुरुवात केली. पहिला भाग हातापायांनीच केला, डोकं कुठे होतं त्यांना ठाऊक नाही. मध्य आला. ठोसे सुरू झाले. पुढे मोकळी जमीन चकाकत होती आणि सरांना तिथे गादीची दोरीसुद्धा स्पष्ट दिसली. पाय उजवीकडे जायला फुरफुरला. उजव्या हाताशी आज आजी नव्हत्या. सर जिवाच्या आकांतानं सरळ झेपावले, शेवटचा ठोसा मारला, आणि जिथे पोटातून किआई द्यायची तिथे त्यांच्या पोटातून, छत दणाणेल अशा आवाजात निघालं, ''सरळ!''

आणि भिंतीशी बसलेली सगळी रांग, इतक्या दिवसांची सवय, एका दमात ओरडली, ''सरळ!''

 सर मात्र थांबले नाहीत. थांबायला त्यांना सुचलंच नाही. त्यांनी उरलेला काता केला, जिथून निघाले बरोबर तिथे येऊन उभे राहिले आणि आता आपलं काही खरं नाही असं समजून डोळे मिटून घेतले. बाजूच्या परीक्षकांनी कुजबुज सुरू केली. पांढऱ्या केसांच्या बाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

''किआईत कुठला शब्द असावा, असा नियम नाही,'' त्या म्हणाल्या. ''आवाज पोटातून आला पाहिजे, एवढाच नियम आहे. तो आला.'' मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. ''यांच्या पोटातूनही आला. हे कोण?''

''माझे विद्यार्थी.''

''आज मधे कुणी नव्हतं.''

''नव्हतं,'' सर म्हणाले.

''पास,'' बाई म्हणाल्या. ''यांचे ब्लॅक बेल्ट इतकी वर्षं अडलेत ना? मागच्या वेळी तुम्ही नापास झालात तेव्हा यांतले एक जण मला भेटायला आले होते. पुढच्या वेळी जरा समजून घ्या म्हणत होते. मी त्यांना हाकलून दिलं. आता तुम्ही बघा त्यांचं काय करायचं ते.''

सरांनी वळून पाहिलं. भूकंप छताकडे बघत होते.

पास झालेल्यानं आपल्या गुरूंना नमस्कार करायचा, अशी तिथली रीत. ज्यांचे गुरू हयात नाहीत ते परीक्षकांपुढे वाकतात. सरांचे गुरू कधीच गेले होते. सर परीक्षकांच्या टेबलाकडे निघाले, अर्ध्यावर थांबले आणि भिंतीकडे वळले. आपल्या माणसांच्या समोर गुडघ्यांवर बसले, हात जमिनीवर टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. रांगेत एकच गोंधळ उडाला. सर वाकलेत आणि आपण बसून काय राहिलोय, म्हणून भूकंप, ताई, डॉक्टर, पाठोपाठ आजी, सगळे घाईघाईनं गुडघ्यांवर आले आणि त्यांनीही कपाळं टेकली.

आणि तिथेच घोटाळा झाला. या विद्येत एक नियम कडक असतो, आणि तो सरांनीच सगळ्यांच्या अंगात मुरवलेला: गुरूच्या आधी शिष्यानं डोकं वर करायचं नाही. सर वाकले होते शिष्य म्हणून, तेव्हा समोरच्यांनी आधी उठावं म्हणून ते थांबले. समोरचे वाकले होते शिष्य म्हणून, ते सरांसाठी थांबले. कुणीच उठेना. वेळ चालला होता. पुढचा उमेदवार पट्टा आवळून उभा होता, त्याला कुठे बघावं ते कळेना.

''सर, उठा,'' भूकंप जमिनीशीच पुटपुटले.

''आज आधी तुम्ही,'' सर जमिनीशीच म्हणाले.

''असं कसं, सर?''

''तुम्ही माझ्यासाठी थांबलात.'' सर म्हणाले. ''कुणाला खरं वाटणार नाही इतकी वर्षं थांबलात. मी चुकलो तर मला हसलात आणि मग हाताला धरून चालवलंत. मला जे येतं ते तुमच्यामुळे येतं. मी काही आधी उठणार नाही.''

ताईंच्या नाकाचा आवाज आला. डॉक्टर रडत होत्या की हसत होत्या, हे त्या अवस्थेत कळायला मार्ग नव्हता. बायको भिंतीशी उभी राहून पदरानं डोळे पुसत होती आणि ''काय माणसं आहेत'' एवढंच म्हणत होती. परीक्षक बाईंनी टेबलावरचं पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

आजींना हा नियम कुणी सांगितलाच नव्हता. कोपऱ्यातल्या नव्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत कुणी सांगत नाही. वाकून वाकून मान अवघडली, म्हणून त्यांनी ती वर केली आणि इकडून तिकडे सगळ्यांच्या पाठी बघितल्या.

''हे सगळे का झोपलेत?'' त्यांनी विचारलं.

''गुरूनं डोकं वर केलं,'' परीक्षक बाई म्हणाल्या. ''आता उठायला हरकत नाही.''

आजींनी मान वर केली होती म्हणून भूकंप उठले, मग डॉक्टर, मग ताई, आणि सर सगळ्यांत शेवटी.